घर म्हणजे देह, नळ म्हणजे श्वास

दर गुरुवारी संध्याकाळी चामराजपेटेत आमच्या समाजाच्या सभागृहात मी अभंगांचं निरूपण करतो. आमची घराणी कित्येक पिढ्या कर्नाटकात आहेत. घरात मराठी बोलतात, पण जुनी मराठी कोणाला कळत नाही, म्हणून कोणीतरी अर्थ सांगावा लागतो. बावीस वर्षांपूर्वी तो कोणीतरी मी झालो. रीत ठरलेली आहे. घर म्हटलं की देह, पाहुणा म्हटलं की जीव, आणि 'तू' म्हटलं की देव. एवढं पाठ असलं की पाऊण तास सहज निघतो. नंतर उप्पीट आणि कॉफी.

माझी मुलगी एका रॉक बँडमध्ये गाते. दिवसा नोकरी करते, म्हणून मी हरकत घेतलेली नाही. एका रविवारी सकाळी तिनं इंग्रजीत लिहिलेलं एक गाणं माझ्यापुढे ठेवलं. शनिवारी जयनगरला लोकांसमोर म्हणायचं होतं.

"अण्णा, आधी तुम्ही वाचा," ती म्हणाली. "अर्थ काय लागतो ते सांगा."

इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी आपणहून अर्थ मागितला नव्हता. सभागृहातले लोक उप्पिटासाठी थांबतात हे मला ठाऊक आहे. मी चष्मा पुसला.

गाण्यात एका घरातला नळ गळतो. एक लहान मुलगी शाळेतून येऊन त्याचे थेंब मोजत बसते. त्या घरातला माणूस बाहेर शंभर लोकांना सगळ्याचा अर्थ समजावतो, आणि घरी आला की तोंडातून शब्द काढत नाही. शेवटच्या कडव्यात मुलगी म्हणते, तुझ्यापेक्षा नळ बरा, निदान उत्तर तरी देतो.

मी सुरुवात केली. घर म्हणजे देह. थेंब म्हणजे श्वास, मोजूनच मिळालेले. तो माणूस म्हणजे अहंकार, लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडा पाषाण. शेवटचा 'तू' अर्थातच परमेश्वर. ही भक्ताची लाडिक तक्रार आहे, आपल्या संतांनीही केलेली. यमकांबद्दल दोन सूचनाही केल्या. पाऊण तासात तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग कागदाची घडी घातली, कन्नडात "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाली आणि के. आर. पुरमला, ती राहते त्या भाड्याच्या खोलीवर निघून गेली. मला वाटलं, पोरगी भारावली.

बायको स्वयंपाकघरात चित्रान्नाच्या भातावर लिंबू पिळत होती. ती हात पुसत बाहेर आली.

"अहो, तो नळ आपला आहे. न्हाणीघरातला."

मी म्हणालो, ते रूपक आहे.

"रूपक नाही, वॉशर गेलाय. ती शाळेत होती तेव्हापासून मी सांगतेय."

मग तिनं बाकीचंही सांगितलं. अण्णांना लागलं तर मी हे गाणं म्हणणार नाही, फाडून टाकीन, असं मुलगी तिला आदल्या दिवशीच बोलली होती. तेवढंच विचारायला ती आली होती, आणि मी तिला देव दाखवून परत पाठवलं होतं.

मी न्हाणीघरात जाऊन नळाकडे बघत उभा राहिलो. आधी राग आला, कारण नळ खरोखरच बरा बोलत होता. मग लाज वाटली. तिचा दहावीचा निकाल लागला तो दिवस आठवला. गुरुवार होता. ती धावत सांगायला आली, मी पोथीतून वर न बघता हात उंचावला, थांब म्हणून. ती थांबली. पुढे काय झालं ते मला आठवत नाही, म्हणजे बहुधा काहीच झालं नाही.

मुलीच्या बँडची तालीमही गुरुवारीच असते. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी निरूपण रद्द केलं. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, एक अर्थ चुकलाय, दुरुस्त करायला चाललोय. उप्पीट होणार आहे म्हटल्यावर कोणी फार हळहळलं नाही.

के. आर. पुरमला टायरच्या दुकानावर त्यांची तालमीची खोली आहे, भिंतींना गाद्या लावलेली. मला दारात बघून ड्रमवाल्यानं हात आवरला.

"तो माणूस मी आहे," मी मुलीला म्हणालो. "देव वगैरे काही नाही."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. तरी म्हण."

तिनं माइकची वायर सारखी केली. "आज गुरुवार ना, अण्णा?"

मी हो म्हणालो आणि एका खोक्यावर बसलो. त्यांनी गाणं वाजवलं. ड्रमपुढे मला एक शब्द ऐकू आला नाही, पण शब्द पाठ होते. संपल्यावर तिनं विचारलं, कसं वाटलं.

"दहावीला तुला किती मार्क पडले होते?" मी विचारलं.

तिनं माइक बंद केला, समोर येऊन बसली आणि एकेक विषय करून सगळे सांगितले.