घनपाठीचं इंग्रजी

घनपाठीचा अभ्यास पुस्तक बंद केल्यावर सुरू व्हायचा. ब्रह्मा घाटावरच्या एका वैदिकाचा तो मुलगा. घरी जसा वेद शिकवत, एक शब्द, मग दुसरा, मग उलट, मग पुन्हा सुलट, तसेच, घनपाठाच्या रीतीनं, तो शाळेतले इंग्रजी धडे म्हणायचा; त्यावरूनच हे नाव पडलेलं. "दि शिप, शिप दि, दि शिप. शिप सेल्ड, सेल्ड शिप, शिप सेल्ड." उजवा हात स्वरांबरोबर वर-खाली. वर्गातली बनारसी पोरं विचारायची, "का हो पंडित, अंग्रेजियो में स्वाहा होई?" तो हसायचा आणि जहाज पुढे ढकलायचा.

मला या घोकंपट्टीची चीड होती. माझं इंग्रजी स्वराज्याच्या चळवळीच्या पत्रकांवर पोसलेलं. दशाश्वमेधावर गर्दीत कुणी हातात कोंबलेलं पत्रक घरी आणायचं, एकेक शब्द कोशात शोधायचा, मग तशी वाक्यं स्वतः रचायची. परक्याची भाषा शिकायची ती त्याच्या तोंडावर जाब विचारायला, हे माझं मत तेव्हाही ठाम होतं. "अर्थ न कळता बडबडतोस. पोपट आहेस नुसता," मी त्याला म्हणायचो.

"आधी तोंडात बसू दे ना, लेखकराव. अर्थ कुठे पळून जातो? येईल मागून."

लेखकराव हे नाव त्यानंच मला चिकटवलेलं.

त्याच्या वडिलांनी त्याला इंग्रजी शाळेत घातलं ते बजावून. "भाषा म्लेंच्छांची असो, पण पाठ अर्धवट सोडलास तर दोष लागेल." म्हणून म्हणताना खंड पडला, की घनपाठी पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांनी मधेच प्रश्न विचारला तर उत्तर न देता तो धड्याच्या नावापासून सुरुवात करायचा. वर्ग खिदळायचा, मास्तर कपाळाला हात लावायचे. आणि तरी इंग्रजीत पहिला तोच! माझ्या निबंधावर 'भडक' असा शेरा, त्याच्या उच्चारांना शाबासकी. जेवताना हे आठवलं की घास कडू लागायचा.

अशात आमच्या वर्गातल्या चौघांना पटावरून कमी केलं. गुन्हा एवढाच की ते खादीची टोपी घालून आले होते. लवकरच गोरे इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार होते आणि त्यांच्यापुढे कविता म्हणायला घनपाठीला उभं करणार होते. आम्ही ठरवलं, कवितेच्या जागी भाषण व्हावं: चौघांना परत घ्या. इंग्रजीत. भर सभेत. भाषण मी लिहिलं, आणि आजवर त्याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. म्हणणारही मीच, असा माझा हट्ट होता. साहेबाच्या नजरेला नजर देऊन ते शब्द मला फेकायचे होते. पण अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर म्हणून दाखवू लागलो, तर कागदावर पेटणारं माझं इंग्रजी तोंडात येताच विझलं. तिसऱ्याच वाक्याला मी अडलो.

"घनपाठीला दे रे बाबा," पोरं म्हणाली. "त्या चौघांचं वर्ष घालवतोस का?"

दिलं. माझी वाक्यं तो हात हलवत उलटसुलट घोळवताना ऐकत बसलो.

सभेत त्यानं सुरुवात केली. आवाज स्वच्छ, शब्द न् शब्द माझा. अर्ध्यावर साहेबांनी टेबलावर हात आपटला. "हे कुणी लिहिलं?" मी ताडकन उठलो. पण पाठात खंड पडला होता, आणि घनपाठी पहिल्या वाक्यापासून सुरू झाला होता. साहेबांनी पुन्हा दरडावलं, "कुणी लिहिलं?" पुन्हा पहिल्यापासून. या वेळी वर्गात कुणी खिदळलं नाही. तिसऱ्या वेळी त्याचा हात हलायचा थांबला, आवाज चढला. साहेब खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मी सारा वेळ उभाच होतो. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

चौघांना परत घेतलं. घनपाठीला काढून टाकलं.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. "सर, भाषण मैंने लिखा था. मेरा नाम काटिए."

ते हसले. "तुमने? अरे, तुमसे अंग्रेज़ी के दो वाक्य बोले नहीं जाते. जाओ, क्लास में बैठो."

म्हणजे शिक्षाही त्यालाच. पत्रकं वाचून वाचून जिची मी स्वप्नं पाहिली होती ती शिक्षा! घाटावर लोक त्याला बोटानं दाखवायचे, "वही लड़का है." मी त्याच्या शेजारून चालायचो.

वडिलांनी त्याला इंदूरला मामाकडे धाडायचं ठरवलं. निघायच्या दिवशी तो वळकटी बांधत होता. इतके दिवस गिळलेलं मी विचारून टाकलं, "साहेबानं दोनदा विचारलं. माझं नाव का नाही घेतलंस?"

"खंड पडला होता ना. मधे दुसरं कसं बोलणार?" त्यानं दोरीची गाठ आवळली. "आणि तिसऱ्यांदा म्हणताना सगळा अर्थ लागला रे. अंगावर काटा आला. मग ते माझंच झालं. तुझं नाव कसं घेऊ?"

आता मी सभांतून बोलतो. काहीही लिहिलं की आधी घाटावर जाऊन ते मोठ्यानं म्हणतो, पुन्हा पुन्हा म्हणतो. जीभ अडखळत नाही. काटा मात्र अजून येत नाही.