आबांच्या कानातलं भौं

हे मी आजवर कोणालाच नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मधेच हसणार नाही — आणि हसण्यासारखं ह्यात काही नाहीचये.

मी नकल्या माणूस. गणिताचे मास्तर, टांगेवाला, आमची आत्या — एकेकाचा आवाज असा काढतो की लोक म्हणतात, "भिया, एक बार और!" ह्या 'एक बार और'नं माझं वाटोळं केलं.

तर आमचे दौलतकाका. फौजेबरोबर कोरियाला जाऊन आले आणि तुकोगंजात चार टेबलांचं हॉटेल काढलं. पाटीवर लिहिलं — कोरियन भोजनालय. अख्ख्या मध्यभारतात असलं दुसरं दाखवा! उघडायच्या आदल्या दिवशी, दुपारी, पहिली पंगत घरच्यांची. भात, मिरची लावून आंबवलेली पत्तागोभी, आणि लसूण-तिळात मुरवून भाजलेलं मटण. मटण बकऱ्याचं. पक्कं सांगतो — सकाळी काकांबरोबर दुकानात मीच होतो.

आता आमच्या घरची रीत ऐका. आबांनी, म्हणजे आजोबांनी, पहिला घास घेतल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही. आणि आबा उठले की सगळे उठले. का म्हणून विचारायचं नाही. महाराजांच्या रिसाल्यातले जमादार ना!

काका दुसरं भांडं आणायला आत गेले. आबांनी घास उचलला. थांबले. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बाळ्या, तू गेला होतास ना सोबत? बकऱ्याचंच आहे ना रे?"

'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर! पण मी — काय सुचलं मला? — मी त्यांच्या कानाशी गेलो आणि हळूच म्हणालो, "भौं."

गल्लीतल्या शेरू कुत्र्याचा हुबेहूब आवाज. वाटलं, आबा हसतील, टपली मारतील. त्यांनी घास ताटात ठेवला. उठले. मागोमाग चौदा माणसं उठली.

संताप येतो हो! चौदा तोंडं, आणि एकालाही विचारता आलं नाही, काय झालं म्हणून? माझ्या एका शब्दावर कधी विश्वास न ठेवणाऱ्या आबांनी नेमका त्याच दिवशी ठेवायचा? आणि आत्या! ऐकलं काही नाही, चाखलं काही नाही, पण संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगून आली, "तिकडे काय-काय खातात, पूछो मत!" दुसऱ्या दिवशी दारात लोक विचारत होते, "फौजीसाब, आज कौन कटा?" महिन्यात पाटी उतरली. काका आता एका गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याला उभे असतात.

पण मी चिडतोय कोणावर? भुंकलं कोण?

काका भांडं घेऊन बाहेर आले तेव्हा मी एकटाच बसलेलो. आबांनी ठेवलेल्या घासाकडे बघत होतो, उठायचं सुचलंच नाही. त्यांनी रिकामी ताटं — नाही, भरलेली ताटं — पाहिली. मला वाढलं, समोर बसले. "खा बेटा." मी खाल्लं. दोनदा मागून घेतलं. इतकं चवदार आधी कधी खाल्लं नव्हतं.

आबा पुढच्या वर्षी गेले. ते भौं ठाऊक असलेला आता मी एकटाच. आणि काका दर सणाला, भरल्या पंगतीत, माझ्या पाठीवर हात ठेवून सांगतात, "उस दिन सब उठ गए. माझ्यासाठी हा एकटा बसला."

गेल्या दिवाळीला त्यांनी कोरियाहून आणलेला पितळी चमचा मला दिला. मी दोन्ही हातांनी घेतला. पाया पडलो.