मामांच्या डोळ्यातलं वजन

जगातली कुठलीही गोष्ट आधी तळहातावर घ्यायची आणि मगच तिच्याविषयी मत बनवायचं, असा माझ्या मामांचा बाणा आहे. राजूरच्या बाजारात आयुष्यभर तांदूळ विकून त्यांचा हातच तराजू झालाय. लग्नपत्रिकासुद्धा ते वाचण्याआधी तोलून बघतात आणि हलकी निघाली तर जेवणाची फारशी आशा ठेवत नाहीत. माझी लेक जन्मली तेव्हा तिला उचलून म्हणाले, "पावनेतीन किलो." दवाखान्याच्या काट्याने जरा जास्त दाखवलं, तर काटा दुरुस्त करून घ्या असं नर्सलाच बजावून आले.

अशा माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मामींना ते आवाजावरून ओळखू लागले, तरी ऑपरेशनचं नाव काढू देईनात. शेवटी मी आणि मामींनी त्यांना ओढतच नगरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "बावीस नंबरची लेन्स बसेल." मामा ताडकन उठले. "बावीस ग्रॅम? डोळ्यात? आन् पापनी कोन उचलनार, तुमी?"

बाई बिचाऱ्या हसू दाबत समजावू लागल्या. नंबर ताकदीचा, वजनाचा नव्हे. नंबर वाढला की भिंग मध्ये जरा जाड होतं, इतकंच. पूर्वी कडक प्लास्टिकचं असायचं, आता मऊ असतं, घडी करून आत सरकवतात. जागेवर राहायला त्याला कडेला दोन बारीक पाय असतात.

"पायांचं वजन धरलं का?"

"धरलं. सगळं मिळून तांदळाच्या दाण्याएवढं. त्यात डोळ्यात पाणी, म्हणजे आणखी हलकं. वजन कळणारसुद्धा नाही."

"कोनचा तांदूळ? कोलम का इंद्रायनी?"

बाईंनी नमुन्याची लेन्स त्यांच्या तळहातावर ठेवली. मामांनी डोळे मिटले, हात वर-खाली केला, पुन्हा केला. मग पडलेल्या चेहऱ्याने विचारलं, "ठिवलंय, का काढून घेतलं?" आयुष्यात पहिल्यांदाच हात हरला आणि मामा ऑपरेशनला तयार झाले.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर मामी उभ्या होत्या. वर्षभराच्या दुखण्याने त्या पार वाळल्या होत्या. आम्हाला ते दिसत होतं, पण मामांना फक्त त्यांचं "मी बरी हाय" तेवढं ऐकू येत होतं. ते बघत राहिले. "निम्मी राह्यलीस गं," एवढंच म्हणाले.

"डोळं वलं करू नका. बाई रागावत्याल," मामी म्हणाल्या.

मामा डॉक्टरीणबाईंकडे वळले. "तुमी म्हनला हुता, वजन कळनार न्हाई. लई कळतंय, बाई."

मामांनी मामींचा हात आपल्या तळहातावर घेतला, पण या वेळी आकडा सांगितला नाही.