बाहेरचं युनिट

आमच्याकडे एसी आला तो सासूबाईंसाठी. डहाणू रोडला, स्टेशनच्या पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. समुद्र खिडकीतून दिसत नाही, पण त्याचा खारा वारा घरात येतो. बिजागऱ्या गंजतात, सायकलींच्या चेनी गंजतात, आणि इथे राहणाऱ्यांना त्याचं काही वाटेनासं होतं. २०१४च्या पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं सावकाश झालं, पण शब्द स्पष्ट राहिले. पुढच्या उन्हाळ्यात पडून पडून पाठीला जखमा झाल्या आणि घामाने त्या चिघळायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा, नाहीतर या जखमा भरायच्या नाहीत.

माझे यजमान तलासरीला एका सरकारी कार्यालयात नोकरीला. मी इथल्याच शाळेत मराठी शिकवते. यांना हत्यारांचा फार नाद. रविवारी सकाळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि त्यावर मिक्सर, इस्त्री नाहीतर पाण्याची मोटर उघडून बसायचं. दुरुस्त झालेली वस्तू आधी सासूबाईंना नेऊन दाखवायची. सासूबाई चांगल्या हाताने ती चाचपायच्या आणि म्हणायच्या, बरं झालं.

पहिल्या वर्षी एसी नीट चालला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची हवा गार लागेना. तक्रार नोंदवली. मेकॅनिक बऱ्याच दिवसांनी आला. खिडकीच्या ग्रिलला कपडे वाळत घालण्यासाठी केलेलं छोटं दार होतं. तो त्यातून छज्ज्यावर उतरला, बाहेरच्या युनिटवर पाण्याचा फवारा मारला, एक छोटा डबा बदलला आणि गेला. हे खिडकीत उभे राहून सगळं बघत होते. तो डबा म्हणजे कपॅसिटर, मशीनला सुरू व्हायला धक्का देतो तो. आमच्याकडे विजेचा दाब वरखाली होतो, त्यात तो जळतो. पंख्यांचे कपॅसिटर यांनी कितीतरी वेळा बदलले होते. त्यामुळे पावसाळ्यानंतर एसी पुन्हा बंद पडला तेव्हा यांनी कुणाला फोन केला नाही. स्वतः उतरले, कपॅसिटर बदलला आणि खोली गार झाली. आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. मलाही वाटलं. घरात एवढं येणारा माणूस आहे याचा मला अभिमान होता, आणि शाळेत मी तो बोलूनही दाखवला होता.

२०१७चा मे महिना. विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा नुकतीच संपली होती, शाळेला सुट्टी लागली होती आणि उकाडा असा की भिंतीला हात लावला तर भिंत गरम. एका शुक्रवारी एसी बंद पडला. यांनी या वेळी आधी तक्रार नोंदवली, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर कुणीच ते लक्षात घेतलं नाही. पलीकडून सांगितलं की सीझन आहे, माणूस मोकळा झाला की पाठवतो. शनिवारभर मी सासूबाईंच्या पाठीखाली ओले पंचे घालत होते. त्या कण्हत नव्हत्या, पण डोळे मिटून घेऊन तोंड उघडं टाकून पडल्या होत्या. ते बघणं कण्हणं ऐकण्यापेक्षा कठीण होतं.

रविवारी सकाळी हे बाजारातून कपॅसिटर घेऊन आले. मेन बंद केला. मला बोलावून दाखवलं की बंद आहे. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो, तो आधी काढून टाकायचा असतो, हेही त्यांना माहीत होतं आणि तसं ते करून घेणार होते. मग ग्रिलच्या दारातून बाहेर उतरले. मी सासूबाईंजवळ बसून त्यांना वारा घालत होते. बाहेरून पान्ह्याचा आवाज येत होता, मधूनच हे काहीतरी पुटपुटत होते. थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं, "चालू कर."

मी मेन चालू केला, रिमोट दाबला. बाहेर मशीन घरघरलं आणि जरा वेळाने गार हवा आली. सासूबाईंनी डोळे उघडले. मी खिडकीशी जाऊन हवा आल्याचं सांगितलं. हे हसले. मग त्यांनी हत्यारांची पिशवी माझ्या हातात दिली, परत आत यायला वळले, आणि वळताना एक पाय युनिटच्या खालच्या लोखंडी अँगलवर ठेवला.

अँगल तुटला. मोठा आवाज झाला नाही. बिस्किट मोडावं तसा तो भिंतीपासून सुटला. हे माझ्या समोरून खाली गेले, आणि मी पिशवी हातात धरून उभी राहिले.

मी खाली धावले. तळमजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात, ते माझ्या आधी पोचले होते. हे पेव्हर ब्लॉकवर पाठीवर पडले होते. शुद्धीत होते. काकांनी गाडी काढली, दोघा-तिघांनी मिळून यांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. माणसाला असं उचलायचं नसतं हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच वापीला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स मिळाली. चारोटीला हायवेला लागलो, तलासरी मागे टाकलं आणि अच्छाडच्या चेकपोस्टपाशी ट्रकच्या रांगेत अडकलो. सायरन चालू होता, पण पुढचे ट्रक सरकायला जागाच नव्हती. ड्रायव्हर उतरून गुजरातीत आणि हिंदीत विनवण्या करत पुढे गेला. त्या वेळात हे पहिल्यांदा बोलले.

"शॉक नव्हता," ते म्हणाले. "मी मेन बंद केला होता."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"हवा गार आली ना?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी मला त्यांच्या पायांवरची चादर काढायला सांगितली, पायांवर काहीतरी जड ठेवलंय म्हणून. पायांवर चादर नव्हती.

मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं की जीव वाचला, पण कमरेखालचं परत येईल अशी आशा धरू नका. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर येऊन बसले. फोन वाजला. अनोळखी नंबर होता. एक माणूस नम्रपणे म्हणाला, "मॅडम, एसीची कम्प्लेंट होती ना, आज येऊन जाऊ का?" मी सांगितलं, आता नको. तो बरं म्हणाला आणि तक्रार बंद केल्याचा मेसेज याच नंबरवर येईल असंही म्हणाला. मेसेज आला.

आमच्यामागे घरी काय झालं ते मला काकूंनी, म्हणजे काकांच्या पत्नीने, नंतर सांगितलं. मी खाली धावले ते दार उघडं टाकून. युनिट एका अँगलवर आणि तांब्याच्या पाइपवर तिरकं लोंबकळत होतं आणि तरी चालूच होतं. सासूबाई त्या गार होत जाणाऱ्या खोलीत एकट्या पडून मुलाला हाका मारत होत्या. काकू वर आल्या तेव्हा सासूबाईंनी एकच सांगितलं, ते बंद कर.

हे घरी आले तेव्हा दुसरी खोली त्यांच्या पलंगाला पुरेशी नव्हती, म्हणून सासूबाईंच्याच खोलीत दुसरा पलंग टाकला. माणसाची कूस कशी बदलायची, चादर खालून कशी ओढायची, जखम व्हायच्या आधी कातडीचा रंग कसा बदलतो, हे मला सासूबाईंमुळे येत होतं. आता तेच दोन पलंगांवर करायचं होतं. सासूबाई चांगल्या बाजूवर वळून तासन्तास मुलाकडे बघत राहायच्या. यांना ते सहन व्हायचं नाही. ते आपलं तोंड भिंतीकडे करायला सांगायचे आणि मी त्यांना तसं वळवायची.

एसी पुन्हा लावला नाही. माझ्या भावाने तो काढून नेला. सासूबाईंना उकडायचं, पण त्यांनी तो परत मागितला नाही.

भेटायला माणसं येत होती. बहुतेकांना वाटत होतं की करंट लागून पडले. हे प्रत्येकाला सांगायचे की करंट नाही, अँगल गंजला होता, वरून रंग शाबूत होता आणि आत काही उरलं नव्हतं. माणसं मान डोलवायची आणि जिन्यात एकमेकांना पुन्हा करंटचंच सांगायची. मुंबईचे यांचे एक चुलतभाऊ पलंगाशेजारी बसून म्हणाले की थोडं थांबायचं होतंस, ज्याचं काम त्याला करू द्यायचं, मेकॅनिक येणारच होता. मला वाटलं, हे रागावतील. पण आवाजात राग नव्हता.

"तो आला असता तर तो पडला असता," ते म्हणाले. "तोही तिथेच पाय ठेवतो. मी बघितलंय."

तोवर मी मनात त्या न आलेल्या माणसाला पुष्कळ बोल लावले होते. त्या दिवशी चहा करताना माझ्या डोळ्यांसमोर त्याची बायको आली. तिला मी कधी पाहिलेलं नाही.

सासूबाई त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेल्या, पहाटे, झोपेत. अग्नी यांनीच द्यायचा होता. दुसरा मुलगा नाही. व्हीलचेअर स्मशानाच्या फाटकापर्यंत गेली आणि पुढे वाळूत चाकं रुतली. चौघांनी खुर्ची उचलली. आधी आई चौघांच्या खांद्यावरून गेली आणि तिच्यामागून मुलगा. यांनी हात लांब करून अग्नी दिला, आणि ज्वाळा वाढल्यावर त्यांना स्वतःहून मागे सरता येईना. ते कुणाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. भुवया जळाल्या होत्या. घरी आल्यावर मी त्यांना खोबरेल लावलं. तेव्हा ते रडले. अपघातानंतर मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

पुढे कार्यालयाने त्यांना परत घेतलं आणि तळमजल्यावर टेबल दिलं. आता एक ओळखीचा रिक्षावाला त्यांना रोज तलासरीला नेतो आणि आणतो. परत येतात तेव्हा पाठ लाल झालेली असते. हत्यारांची पिशवी त्यांनी स्वतःच कुणाला तरी देऊन टाकायला सांगितली.

स्टाफरूममध्ये उन्हाळा आला की कुणीतरी मला हमखास विचारतं, घरचा एसी आपण उघडावा का. मी सांगते, आतली जाळी काढून धुवा, त्याला कुणी लागत नाही. बाहेरच्या युनिटला हात लावू नका. त्यांना वाटतं, मी विजेच्या भीतीने सांगते.

२०१९च्या मे महिन्यात मी बाजारातून येत होते. आमच्या समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर एक तरुण उकिडवा बसून युनिट उघडत होता. अंगात कंपनीचा शर्ट. कमरेला दोरी नाही. त्याचा एक पाय छज्ज्यावर आणि एक अँगलवर होता. मी हाक मारणार होते, पण दचकून तोल गेला तर, म्हणून मारली नाही. उन्हात भाजीच्या पिशव्या घेऊन खाली उभी राहिले. त्याने झाकण लावलं, एकेक स्क्रू पिळला, खिडकीची चौकट धरली आणि आत गेला. मग मी पिशव्या खाली ठेवल्या.

तो खाली आला तेव्हा मी त्याला सांगितलं की इथे समुद्राच्या वाऱ्याने अँगल आतून गंजतात, वरून कळत नाही, त्यावर पाय देऊ नकोस, दोरी बांधत जा.

"रोजचंच काम आहे, ताई," तो म्हणाला. चांगला मुलगा होता, हसून म्हणाला. दोरी ऑफिसात आहे, पण बांधत बसलो तर दिवसाच्या कम्प्लेंट पुऱ्या होत नाहीत, असं त्याने सांगितलं. मग मोबाइलवर पुढचा पत्ता बघितला, मोटरसायकलला किक मारली आणि मसोलीच्या बाजूला निघून गेला.