ताफ्तच्या लोकसंख्येत एक जास्त

परवाच्या रविवारची गोष्ट. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ, बस बंद, आणि मी आणि माझी रूममेट नसरीन घरात अडकलेल्या. पोहे खाऊन झाले, चहा दोनदा झाला... मग मी उगाच म्हटलं, तुझं गाव तरी दाखव इंटरनेटवर.

नसरीन इराणची, यझ्दजवळच्या ताफ्त नावाच्या छोट्या शहरातली. डोंगर, डाळिंबाच्या बागा आणि सगळे फारसी बोलणारे. इंटरनेटवर त्या गावाबद्दल जेमतेम तीन ओळी सापडल्या, त्यातली एक लोकसंख्येची... पंधरा हजार आणि वर काही.

ती शांतपणे म्हणाली, "आकडा चुकलाय. यात एक जास्त आहे."

आम्ही दोघी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करतोय, पण पंधरा हजारांत एकाची चूक काढणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. म्हटलं, कोण गं हा जास्तीचा?

"मी," नसरीन म्हणाली.

झालं होतं असं... सव्वा वर्षापूर्वी तिकडे जनगणना झाली. माणूस घरी मोजायला आला, तेव्हा तिच्या आईने घरात राहणाऱ्यांत नसरीनचंही नाव सांगितलं. ही बया तेव्हा तीन वर्षं इथे!

आईनेच ते फोनवर कौतुकाने सांगितलं, तेव्हा नसरीन भडकली होती. आपण डेटा, डेटा म्हणून जीव काढायचा आणि आपल्याच आईने खोटा डेटा द्यायचा? आईचं म्हणणं, तुझी खोली आहे, कपाटात कपडे आहेत, मग तू इथे राहत नाहीस असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

मी खो खो हसले. नसरीन हसली नाही.

मग हळूहळू बाहेर आलं. तिला इथे नोकरीची ऑफर आलीय आणि तिने हो म्हणून टाकलंय. व्हिसा सिंगल एंट्री, एकदा देशाबाहेर पडलं की परत येता येईलच याची खात्री नाही, म्हणून सव्वाचार वर्षांत ती घरी गेलेली नाही. आईची समजूत अशी की डिग्री झाली की लेक कायमची परत येणार. ते खरं नाही हे सांगायला लागेल म्हणून तीन आठवडे ती फोनच टाळत होती.

मी पडले अतिशहाणी. म्हटलं, आत्ता लाव फोन, मी बसते शेजारी. बोलून गेले आणि वाटलं, आपल्याला कोणी विचारलं होतं? पण तिने खरंच कॉलिंग कार्ड काढलं.

फारसी मला कळत नाही. नसरीन आधी भरभर बोलली, मग अडखळली, मग नुसतीच ऐकत राहिली... बराच वेळ. मी धुतलेले कप पुन्हा धुतले.

फोन ठेवून तिने डोळे पुसले. "खूप रडली. मग म्हणाली, जिथे सुखात राहशील तिथे राहा. पण पुढच्या वेळी मोजायला आले, तरी मी तुझं नाव सांगणारच. मला तुझं स्टॅटिस्टिक्स शिकवायचं नाही."

या वेळी नसरीनने वाद घातला नव्हता.

संध्याकाळी मी सांगलीला फोन लावला. आमच्या रेशन कार्डावर माझं नाव अजून आहे. दर सुट्टीत मी बजावते, नियमाने ते कमी करून घ्या. बाबा "बघू" म्हणतात आणि आई विषय बदलते. इतकी वर्षं मला तो त्यांचा आळस वाटत होता...

आईला म्हटलं, "रेशन कार्डावरचं माझं नाव राहू दे गं."

"कमी कोण करणार होतं?" आई म्हणाली.