डाव्या बाजूची जागा

कत्तलखान्यात त्याला सगळे 'एकघाव' म्हणायचे. बैलाच्या दोन शिंगांच्या मधोमध त्याचा हातोडा असा बसायचा की दुसऱ्या घावाची गरजच पडत नसे. जनावर गुडघ्यांवर कोसळेपर्यंत हा पुढच्याकडे वळलेला असे. हातोडा तो कामावरच ठेवून यायचा, पण हात घरी बरोबर यायचा. बायकोच्या पाठीला, दाराच्या फळ्यांना आणि एकुलत्या एक मुलाच्या मानेला त्या हाताची चांगली ओळख होती. याच माणसाच्या मयतीला पुढे सगळं चर्च लोटेल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर बायकोनंच त्याला वेड्यात काढलं असतं.

मुलगा अकरा वर्षांचा होता. बापाचा जेवणाचा डबा पोचवायला त्याला एकदा पाऊण तास उशीर झाला, कारण वाटेत दोन कुत्री एकमेकांच्या नरडीला लागली होती आणि तो बघत उभा राहिला. एवढाच गुन्हा. कत्तलखान्याच्या अंगणात, सगळ्या कामगारांदेखत, बापानं त्याच्या डाव्या कानाखाली हाताचा पंजा ओढला. पोरगं उडालं ते लोखंडी कठड्यावर आपटलं. कानातून रक्ताची धार लागली आणि खालच्या फरशीवर जनावरांच्या रक्तात मिसळून गेली. त्या कानाला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून बापानं हातोड्याला हात लावला नाही. कमी पगारावर त्याच कत्तलखान्यात फरशा धुवायचं काम त्यानं मागून घेतलं. आधी बायकोनं ओढत नेलं तरच चर्चला जाणारा माणूस आता सगळ्यांच्या आधी जाऊन दार उघडू लागला, बाकं पुसू लागला, गाण्यांची पुस्तकं वाटू लागला. पण मुलाला 'चुकलं' असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याला पुन्हा शिवलाही नाही, मारायलाही नाही आणि जवळ घ्यायलाही नाही.

मुलगा मोठा झाला, पंप दुरुस्त करू लागला. चांगला कान मोटारीला लावून आत काय बिघडलंय ते बिनचूक सांगायचा. बापाच्या आत काय चाललंय ते मात्र त्याला कळेना. दर रविवारी पुस्तकं वाटून झाली की म्हातारा तिसऱ्या बाकावर यायचा आणि नेमका मुलाच्या डाव्या हाताला बसायचा. मुलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ऐकू येत नाही त्याच बाजूला मुद्दाम बसतो, म्हणजे बोलावंच लागू नये! त्याला त्या माणसाकडून फक्त एक शब्द हवा होता. त्यासाठी त्यानं बेचाळीस वर्षं वाट पाहिली.

नातीला मात्र आजोबा सगळेच्या सगळे मिळाले. तेच हात तिच्या वेण्या घालायचे, तिच्या पेन्सिलींना टोक काढायचे, ताप आला की कपाळावर पट्टी ठेवायचे. चर्चमध्ये ती आजोबांच्या मांडीवर बसायची, वाढल्यावर त्यांच्या पलीकडे. मुलाला आनंद व्हायचा, आणि जळफळाटही. स्वतःच्या लेकीचा हेवा करणारा बाप म्हणून तो मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचा.

नातीचं लग्न एका गॅरेजवाल्याशी झालं. दोन वर्षांत तिच्या दोन बरगड्या मोडल्या. ती माहेरी निघून आली, तिला तीन आठवडे होतात न होतात तोच एका रविवारी, गाणं चालू असताना, नवरा तिला न्यायला चर्चच्या दारात आला. हातात चाकं खोलायचा पाना होता.

उशिरा येणाऱ्यांना पुस्तकं द्यायला दारात म्हातारा उभा होता, पंचाहत्तरीचा. पुस्तकं खाली टाकून त्यानं दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंची चौकट पकडली.

"आत नाही जायचं," तो म्हणाला.

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत आला. दुसरा बरगड्यांवर, तिसरा कोपरावर. म्हातारा वाकला, पण चौकट सोडेना. बाकं ओलांडत धावणारा मुलगा जीव तोडून ओरडला, "अप्पा, हाणा त्याला! हाणा!" ज्या हातानं त्याचा कान घालवला, तो हात आज एकदाच उठावा, असं त्याला मनापासून वाटलं. हात उठला नाही. चौथा घाव डोक्यावर बसला.

चौघांनी मिळून जावयाला लोळवला. म्हाताऱ्याची बोटं चौकटीवरून एकेक करून सोडवावी लागली, नखांत लाकडाच्या कपच्या गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच त्याचा जीव गेला, शुद्धीवर न येताच. म्हणजे तो शब्दही गेला.

मयतीच्या दिवशी पाळक म्हणाले, असा प्रेमळ आजोबा, असा निष्ठावान सभासद. लोक डोळे पुसत होते. तिसऱ्या बाकावर मुलगा दात आवळून बसला होता. माझ्यावर उठला तो हात माझ्या पोरीसाठी का नाही उठला? शवपेटीकडे बघत तो हेच विचारत होता. त्याच्या डावीकडची जागा लोकांनी रिकामी ठेवली होती. म्हणून लेक पहिल्यांदाच त्याच्या उजवीकडे बसली होती.

सगळ्यांनी रोजची प्रार्थना म्हटली. सगळे थांबले. लेक थांबली नाही. तिच्याही नकळत, ओठांतल्या ओठांत, ती पुढे म्हणाली, "देवा, माझा हात पुन्हा उठू देऊ नकोस. माझा कान घे, पण माझ्या पोराचा परत दे. आमेन."

त्यानं मान वळवली. "हे काय म्हणालीस?"

"आजोबांचं आहे. लहानपणी मला वाटायचं, प्रार्थनाच इथं संपते. तीच सवय लागलीय." तिनं गोंधळून त्याच्याकडे पाहिलं. "दर रविवारी सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तुमच्या कानाशी वाकून म्हणायचे की. तुम्ही शेजारीच तर बसायचात, बाबा."

मग त्यानं उजवा कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "जरा मोठ्यानं."