नानांच्या वावराचा डबा

आमच्या जळगावच्या लॅबमध्ये माती येते आणि मातीबरोबर किस्से येतात. तपासून झालेली माती मागच्या अंगणात ओतता येते, किस्से कुठं ओतणार? ते साचत जातात. बहुतेक हसण्यासारखे. एक मात्र असा आहे की मी तो काढला की सुकलालभाऊ उठून बाहेर जातात.

आमचं काम साधं. शेतात मारलेलं तणनाशक मातीत अजून शिल्लक आहे का, ते बघायचं. आमच्या मॅडमची पद्धत जुनी. शेतकऱ्याची माती डब्यात भरायची आणि काकडीचं बी पेरायचं. रोप तरारलं तर माती मोकळी, करपलं तर विष अजून आहे. मॅडम, मी आणि डबे भरून पाणी घालणारे सुकलालभाऊ, एवढीच लॅब!

*

दोंडाईच्याचे एक आबा माती घेऊन आले. काळीभोर, भुसभुशीत, वर गोवरीचा तुकडा! मॅडमना शंका आली.

"आबा, ही शेतातलीच ना?"

"नही ताई. वावरनी माती खराब व्हयेल शे. खराब वस्तू तुम्हले कशी देऊ? ही उकिरडाजोडनी आनी. एक नंबर शे!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. आबा चहा पिऊन खूश होऊन गेले.

*

नाना चोपड्याकडचे, सुकलालभाऊंच्याच गावचे. मक्यात त्यांनी तणनाशकाचा डबल डोस मारला होता. मी विचारलं, का हो?

"शेजारना वावरमा गवत दिसे नही. मंग मनाच वावरमा काबर दिसाले पाहिजे?"

गवत गेलं. मागून पेरलेला हरभराही गेला! पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सगळं वावर उघडं, फक्त एका कोपऱ्यात गुडघाभर गवत आणि अक्कांची मेथी. अक्का म्हणजे नानांची बायको. त्या कोपऱ्यात कैक वर्षं उकिरडा होता.

मॅडमनी समजावलं, "नाना, शेणखत त्या औषधाला धरून ठेवतं, मुळापर्यंत जाऊ देत नाही. खतातले जिवाणू मग त्याला हळूहळू खातात. भरपूर खत घाला आणि वाट बघा."

 नाना म्हणाले, "धरी ठेवस, ते ठीक. आनि सोडी दिधं ते?"



*

नानांचा मुलगा धुळ्यात नोकरीला. वावर रोडटच, अगदी रस्त्याला लागून; प्लॉटवाले त्याच्या मागेच लागलेले. त्यानं वडिलांना स्पष्ट सांगितलं, "बाबा, हा एक हंगाम बघू. नाही उगवलं तर देऊन टाकू."

तेव्हापासून नानांना शेणाशिवाय काही सुचेना. यावलला एका लग्नाला गेले. पंगतीत गप्प बसलेले बघून मुलीचा बाप हात जोडून समोर आला.

"नाना, काय कमी पडनं का?"

"काहीच नही भाऊ. तुम्हना गोठा कोठे शे?"

वऱ्हाड परतलं बसनं, नाना परतले शेणखताच्या ट्रॉलीवर बसून. गाव हसलं. आम्हीही हसलो.

*

मग नानांच्या मातीत काकडी तरारली! रिपोर्ट गेला, "माती मोकळी आहे." नाना पेढे घेऊन आले. घरी जाऊन त्यांनी हरभरा पेरला.

हरभरा उगवला, पिवळा पडला आणि करपला.

मॅडमनी डबा उपडा करून माती चाळली. मातीत वावरातल्या खताशिवाय वरून घातलेलं मूठभर शेणखत निघालं; डब्यातलं विष त्यानंच धरून ठेवलं होतं. सुकलालभाऊ दारातच उभे होते.

"बिगर खतनं बी कसं टाकू मॅडम? आम्हना घर कोनी टाकस नही. बाकीना डबामा बिगर खतनंच टाकं, पन नानाना डबामा तसं टाकाले हातच धजना नही. गावना मानूस शे."

मॅडम रागावल्याच नाहीत. त्या रागावल्या असत्या तर सुकलालभाऊंना बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं.

नानांना कळवलं तर ते लॅबवर आले आणि त्यांनीच सुकलालभाऊंच्या पाठीवर हात ठेवला. "तू खतच टाकं ना, इख ते मीच टाकं."

*

पावसाळ्यानंतर मॅडमनी त्याच वावराची माती पुन्हा मागवली आणि या खेपेला बी स्वतः पेरून डबा खिडकीत ठेवला. सुकलालभाऊ त्या खिडकीकडे फिरकलेही नाहीत. वेल चढत चढत गजापर्यंत गेला. हिरवागार! मी नानांना फोन केला आणि ते पहिल्या बसनं आले.

"नाना, वावर मोकळं झालं! आता बिनधास्त पेरा," मॅडम म्हणाल्या.

नानांनी एका पानाला बोट लावलं.

"वावर पोऱ्यानी प्लॉटवालासले दिधं, ताई. प्लॉटना हद्दीना दगड बी गाडाई गयात."

मॅडमनी चष्मा काढला. 

"हाऊ डबा मी लई जाऊ का?" नानांनी विचारलं.

डबा उचलून सुकलालभाऊच पुढे झाले. स्टँडपर्यंत आम्ही दोघं गेलो. चोपड्याच्या बसमध्ये नाना डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसले, एका हातानं वेल सावरत. कंडक्टर आला आणि थांबला.

"बाबा, हे काय घेतलं?"

"वावर शे," नाना म्हणाले.